नाकाशी सूत की मनगटावर बोट? : हैदराबादचे क्लोरोफॉर्म कमिशन आणि श्वासाची कथा

१.
‘नाकाशी सूत धरणे’ असा मराठीत एक जुना वाक्प्रचार आहे. माणूस शेवटच्या घटका मोजतो आहे, असा त्याचा अर्थ. त्यामागची रीत साधी होती. निपचित पडलेल्या माणसाच्या नाकपुडीसमोर कापसाचा बारीक धागा धरायचा. धागा हलला तर श्वास आहे. हलला नाही तर सारे संपले. त्याच खाटेच्या दुसऱ्या अंगाला वैद्य बसलेला असे आणि त्याची बोटे रोग्याच्या नाडीवर असत. जीव आहे की गेला, हे ठरवण्याच्या या दोन कसोट्या : एक श्वासाची, दुसरी नाडीची.

२.
१८८८-८९ मध्ये या दोन कसोट्यांपैकी कोणती खरी, हा प्रश्न जगभरच्या शस्त्रक्रियागृहांसाठी जीवनमरणाचा होऊन बसला होता. क्लोरोफॉर्म दिलेला रोगी मेजावर अचानक मरतो, तेव्हा त्याचा श्वास आधी थांबतो की हृदय? एडिंबरा एक उत्तर देत होते, लंडन दुसरे. आणि या वादाचा निकाल लावण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न झाला तो हैदराबादेत, निजामाच्या पैशावर.

३.
हदगाव आज नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आहे. कापसाचा आणि ज्वारीचा हा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्याच्या उत्तर कडेला होता. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागे, आणि वऱ्हाडचा कारभार १८५३ च्या करारानंतर इंग्रजांकडे गेला होता. नदीच्या अलीकडच्या माणसाची राजधानी मात्र हैदराबाद. निजामाची राजवट तिथे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिली. मराठवाड्यात हैदराबादचे नाव निघाले की मुक्तिसंग्राम आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच राजधानीत घडलेले हे प्रकरण मराठी वाचकाला फारसे ठाऊक नाही.

४.
आरंभ १८४७ पासून करावा लागतो. त्यापूर्वी शस्त्रक्रिया म्हणजे चार माणसांनी रोग्याला दाबून धरणे आणि शल्यवैद्याने शक्य तितक्या झपाट्याने हात चालवणे. १८४६ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिंबराचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्सन यांनी क्लोरोफॉर्मचा गुण ओळखला. ते ईथरपेक्षा जलद काम करी, वासाला गोड होते आणि थोडेसेच पुरे. रुमालावर काही थेंब टाकून नाकाशी धरले की माणूस मिनिटा-दोन मिनिटांत निद्रिस्त. वेदनेवर विजय मिळाला, असे जगाला वाटले.

५.
हा आनंद तीन महिनेही टिकला नाही. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळच्या एका खेड्यात हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायाचे नख काढायचे होते. काम किरकोळ. रुमालावर क्लोरोफॉर्म दिले गेले, आणि अवघ्या काही मिनिटांत ती मरण पावली. क्लोरोफॉर्मखालील हा पहिला नोंदलेला मृत्यू. नंतर असे मृत्यू ठिकठिकाणी होऊ लागले. मरणारे बहुधा जर्जर रोगी नसत. दात काढायला किंवा नख काढायला आलेली धडधाकट माणसे त्यांत असत. भीती वाढवणारी गोष्ट हीच होती.

६.
मरणाचे कारण काय, यावर दोन पक्ष पडले. लंडनचे जॉन स्नो यांनी अशा पन्नास मृत्यूंचा अभ्यास केला. हेच ते कॉलऱ्याचे मूळ पाण्यात शोधणारे स्नो. वाफ फार तीव्र झाली तर ती थेट हृदयाला लुळे पाडते, असे त्यांचे मत. म्हणून वाफ मोजून द्या आणि नाडीवर लक्ष ठेवा. एडिंबराचे शल्यवैद्य जेम्स साइम यांचा पक्ष उलट. नाडीकडे पाहूच नका, श्वासाकडे पाहा. श्वास बिघडल्याखेरीज रोगी दगावत नाही, असे ते शिकवीत. क्लोरोफॉर्म देणाऱ्याची नजर तर एकच. ती त्याने कुठे ठेवावी, यावर मेजावरच्या माणसाचा जीव अवलंबून होता.

७.
हा वाद कळायचा तर श्वास मुळात कसा चालतो, ते पाहावे लागते. फुप्फुसे स्वतःहून फुगत नाहीत. त्यांना स्वतःचे चालक स्नायू नाहीत. काम करते ते छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल नावाचे घुमटाकार स्नायूचे पटल. ते आकुंचन पावते तेव्हा घुमट सपाट होऊन खाली उतरतो. त्याच वेळी बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात. छातीची पोकळी वाढते, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आपोआप आत शिरते. श्वासपटल सैल पडले की फुप्फुसे आपल्या लवचीकपणाने आक्रसतात आणि हवा बाहेर पडते. लोहाराचा भाता याच तत्त्वावर चालतो. भात्याची पोकळी वाढवली की वारा आत येतो, दाबली की बाहेर जातो.

८.
या भात्याचा हेतू काय, हे १६६७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत रॉबर्ट हूक यांनी एका क्रूर पण निर्णायक प्रयोगाने दाखवले. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. हूक यांनी एका कुत्र्याची छाती उघडी केली आणि भात्यांनी त्याच्या फुप्फुसांत सतत ताजी हवा फुंकत ठेवली. फुप्फुसे न हलता नुसती फुगलेली राहिली, तरी प्राणी जगला. म्हणजे महत्त्व हालचालीला नव्हते, ताज्या हवेला होते. दोन वर्षांनी रिचर्ड लोअर यांनी दाखवले की, काळपट रक्त फुप्फुसांतल्या हवेशी संबंध येताच लालभडक होते. हवेतून रक्तात काहीतरी जाते, हे तेव्हा कळले. त्या ‘काहीतरी’ला ऑक्सिजन हे नाव मिळायला आणखी शंभर वर्षे लागली.

९.
ही देवाणघेवाण होते कुठे? श्वासनलिका छातीत उतरते, तिच्या दोन शाखा होतात, त्यांच्या उपशाखा, पुन्हा त्यांच्या उपशाखा, आणि अखेर टोकाशी द्राक्षांच्या घडासारखे सूक्ष्म वायुकोश. प्रौढ माणसात ते ३० ते ५० कोटी असतात. सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांचे क्षेत्र भरेल. दोन-तीन खोल्यांचे घर एका छातीत घडी घालून ठेवल्यासारखे. प्रत्येक कोशाभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. रक्त तिथून एका सेकंदाच्या आत पुढे सरकते. तेवढ्यात त्यातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन उचलते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जातो.

१०.
विश्रांतीत माणूस मिनिटाला १२ ते १६ वेळा श्वास घेतो. दर वेळी सुमारे अर्धा लिटर हवा. त्यांतली साधारण १५० मिलिलिटर हवा नुसती वाटेतल्या नळ्यांत राहते आणि वायुकोशांपर्यंत पोहोचतच नाही. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, बाहेर पडणाऱ्या हवेत १६ टक्क्यांच्या आसपास. दिवसाकाठी असे वीस हजार श्वास होतात. पण जो पडदा ऑक्सिजनला अडवत नाही, तो क्लोरोफॉर्मच्या वाफेलाही अडवत नाही. फुप्फुसातून रक्तात, रक्तातून हृदयात, हृदयातून मेंदूत. सगळा प्रवास काही सेकंदांचा. क्लोरोफॉर्मचा झपाटा आणि त्याचा धोका दोन्ही याच दारातून येतात.

११.
उरला प्रश्न भाता ओढणाऱ्याचा. झोपेत, बेशुद्धीत श्वास कोण चालवतो? १८१२ मध्ये सेझार ल गॅलवा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने दाखवले की, मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जू जिथे सुरू होतो त्या मस्तिष्कपुच्छात एक लहानसा भाग आहे. त्याला इजा झाली की श्वास कायमचा थांबतो. याउलट हृदयाला आपला ठोका स्वतः निर्माण करता येतो. शरीराबाहेर काढले तरी ते काही काळ धडधडते. हा फरक फार महत्त्वाचा आहे. श्वास मेंदूच्या आज्ञेवर चालतो आणि क्लोरोफॉर्म मेंदूलाच झोपवते. मात्रा वाढली की आज्ञा देणारेच पेंगू लागतात, श्वास उथळ होत जातो आणि अखेर थांबतो. साइम यांच्या मताला शरीरशास्त्राचा आधार होता तो हा.

१२.
साइम यांच्या हाताखाली एडिंबरात शिकलेले एडवर्ड लॉरी १८८५ च्या सुमारास हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले. १८४६ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद मेडिकल स्कूलची धुराही त्यांच्याकडे होती. अफझलगंज रुग्णालयात ते आणि त्यांचे विद्यार्थी गुरूच्या पद्धतीने क्लोरोफॉर्म देत. नाडीला हात नाही, डोळे श्वासावर. हजारो रोग्यांना अशा रीतीने क्लोरोफॉर्म दिल्याचा लॉरी यांचा दावा होता आणि आपली पद्धत निर्धोक आहे, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती शंका नसणे, हे त्यांचे बळही होते आणि पुढे दिसेल तसे त्यांचे उणेपणही.

१३.
१८८८ मध्ये लॉरी यांनी पहिले कमिशन नेमवले. पॅट्रिक हेहिर यांच्या अध्यक्षतेखाली १४१ कुत्र्यांवर प्रयोग झाले. प्रत्येक वेळी निष्कर्ष एकच : श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. अहवाल लंडनला गेला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने तो मानायचे नाकारले. युरोपातल्या नामांकित प्रयोगशाळांचा आणि अनुभवाचा कौल वेगळा असताना एका हिंदी संस्थानातल्या शाळेने सगळा वाद मिटवला, हे लंडनच्या गळी उतरणे कठीणच होते. शंका सर्वस्वी अहंकारातून आलेली नव्हती. पण तिच्यात अहंकार मुळीच नव्हता, असेही म्हणता येत नाही.

१४.
उत्तर हैदराबादने थाटात दिले. सहावे निजाम मीर महबूब अली खान तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांच्या दरबाराने ‘लॅन्सेट’ला एक हजार पौंड देऊ केले : तुमच्या पसंतीचा माणूस पाठवा, त्याने इथे येऊन स्वतःच्या डोळ्यांनी प्रयोग पाहावेत. ‘लॅन्सेट’ने निवडले टॉमस लॉडर ब्रंटन यांना. हृदयशूळावर अमिल नायट्राइटचा उपयोग १८६७ मध्ये दाखवून देणारे हे औषधशास्त्रातले मोठे नाव. क्लोरोफॉर्म हृदयालाही मारू शकते, हे त्यांचे पूर्वीचे मत होते. म्हणजे लॉरी यांच्यापुढे येणारा परीक्षक विरुद्ध पक्षातला होता.

१५.
१८८९ च्या अखेरीस दुसरे कमिशन बसले. अध्यक्ष लॉरी, सोबत ब्रंटन, कलकत्त्याहून आलेले सर्जन-मेजर जेराल्ड बॉमफर्ड आणि हैदराबादचे डॉ. रुस्तमजी. या वेळी काम अधिक काटेकोर होते. रक्तदाबाची चढउतार कागदावर रेषेच्या रूपाने उमटवणारी यंत्रे लावली गेली. त्या यंत्राची मूळ कल्पना कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाची आणि तीही १८४७ मधलीच, म्हणजे क्लोरोफॉर्मचा गुण ओळखला गेला त्याच वर्षातली. कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे, ससे असे चारशेहून अधिक प्राणी या प्रयोगांत वापरले गेले. आजच्या वाचकाला हा आकडा बोचतो, आणि बोचावा. क्लोरोफॉर्म देताना ‘श्वासाकडे पाहा’ हा नियम ज्या जिवांवर तपासला गेला, त्यांत हैदराबादच्या गल्ल्यांतली बेवारशी कुत्रीच सर्वाधिक होती.

१६.
या कामाशी एक नाव जोडले गेले आहे : रूपाबाई फर्दूनजी. १८८५ मध्ये हैदराबाद मेडिकल स्कूलने प्रवेश दिलेल्या पहिल्या काही विद्यार्थिनींपैकी त्या एक. १८८९ मध्ये त्यांचे शिक्षण पूर्ण झाले. क्लोरोफॉर्म देण्याचे काम त्यांनी पुढे अनेक वर्षे केले आणि १९०९ मध्ये अधिक शिक्षणासाठी त्या एडिंबराला गेल्या. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचा उल्लेख होतो. ज्या काळात मुलीने शाळेत जाणे हाच वादाचा विषय होता, त्या काळात हैदराबादेत एक तरुणी शस्त्रक्रियेच्या मेजाच्या डोक्याशी उभी राहून रोग्याचा श्वास राखत होती. कमिशनच्या अध्यक्षांइतकेच हे नावही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१७.
निकाल लागला. ब्रंटन यांनी ‘लॅन्सेट’ला तार केली. तिचा आशय असा की, क्लोरोफॉर्मचा धोका श्वास कोंडण्यात किंवा अतिमात्रेत आहे. हृदयावर थेट आघात होत नाही. परीक्षकाचेच मत पालटले होते. १८९० मध्ये ‘लॅन्सेट’ने अहवाल प्रसिद्ध केला आणि पुढच्या वर्षी तो मुंबईत ग्रंथरूपानेही छापला गेला. लॉरी यांचा विजय पूर्ण दिसत होता.

१८.
अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे क्लोरोफॉर्म देणाऱ्यासाठीचे व्यवहारी नियम. रोग्याला आडवे झोपवा आणि छाती-पोटावर काही आवळलेले ठेवू नका, कारण भात्याला हलायला जागा हवी. श्वास अडखळला तर खालचा जबडा पुढे ओढा. बेशुद्धीत जबडा आणि जीभ सैल पडून मागे जातात व वाट बुजते. छाती वरखाली होत राहते, हवा मात्र आत जात नाही. नुसती छाती हलते आहे म्हणून श्वास चालू आहे, असे समजणे ही घातक चूक ठरू शकते. वाट मोकळी असताना नाकातोंडाशी हवा जाणवते. नाकाशी सूत धरणाऱ्या आजीबाईंची कसोटी इथे शास्त्राच्या कसोटीलाही उतरते.

१९.
दुसरा नियम धडपडीविषयीचा. घाबरलेला रोगी श्वास रोखून धरतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मग अनावर होऊन तो खोल, जोरकस श्वास घेतो. रुमालावर वाफ दाट असेल तर त्या दोन-चार श्वासांत अतिमात्रा आत जाते. म्हणून रोग्याला संथ, नैसर्गिक श्वास घेऊ द्यावा, घाई करू नये. साधन म्हणून कमिशनने कोणतेही महागडे यंत्र सांगितले नाही. कापडाची उघडी टोपी आणि तिच्या टोकाशी आत थोडा कापूस, एवढे पुरे. श्वास थांबलाच तर क्षणाचा विलंब न लावता कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा. ऑक्सिजनाविना चार-पाच मिनिटे गेली की मेंदूची हानी होऊ लागते. तेवढाच अवधी हाती असतो.

२०.
मात्र मृत्यू थांबले नाहीत. इंग्लंडमधले अनेक डॉक्टर शपथेवर सांगत होते की, त्यांनी नाडी आधी थांबलेली पाहिली आहे. श्वास त्यानंतरही काही क्षण चालू होता. १८९३ मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी क्लोरोफॉर्म हृदयावरही थेट परिणाम करते, असे प्रयोगांनी दाखवले. लॉरी मागे हटायला तयार नव्हते. ज्यांच्या हातून रोगी दगावला, त्यांनी श्वासाकडे नीट पाहिले नसेल, एवढेच त्यांचे उत्तर. आपल्या सिद्धान्ताविरुद्ध येणारा प्रत्येक पुरावा दुसऱ्याच्या चुकीच्या खात्यावर टाकला की सिद्धान्त कधीच खोटा ठरत नाही.

२१.
कोडे सुटले १९११ मध्ये. गुडमन लेव्ही यांनी टॉमस लुइस यांच्यासह मांजरांवर प्रयोग केले. क्लोरोफॉर्म भरपूर दिलेल्या प्राण्याच्या हृदयाला असा धोका नव्हता. तो होता अपुऱ्या मात्रेवर, अर्धवट गुंगीत असलेल्या प्राण्याला. अशा अवस्थेत क्लोरोफॉर्म हृदयाला हळवे करते. त्यातच भीतीने किंवा वेदनेने शरीरात ॲड्रेनलिन उसळले, तर हृदयाचे कप्पे तालबद्ध आकुंचन सोडून नुसते थरथरू लागतात. रक्त पुढे ढकलले जात नाही आणि नाडी एकाएकी नाहीशी होते. पायाचे नख काढायला आलेली, भेदरलेली, जेमतेम गुंगी आलेली पंधरा वर्षांची मुलगी अचानक का दगावली असावी, याचे समर्पक स्पष्टीकरण तिच्या मृत्यूनंतर त्रेसष्ट वर्षांनी हाती आले.

२२.
मग हैदराबादचे प्रयोग खोटे होते का? नाही. तिथे दिसले ते खरेच होते. अतिमात्रेत श्वास आधी थांबतो, हे आजही मान्य आहे. चूक निरीक्षणात नव्हती. एका प्रकारच्या मृत्यूवरून सगळ्या मृत्यूंचा निकाल देण्यात होती. दोन्ही कमिशने मिळून पाचशेहून अधिक प्राणी तपासले गेले. पण बहुतेकांना क्लोरोफॉर्म देत देत अखेरपर्यंत नेले गेले. अर्धवट गुंगी आणि भीती यांचा संयोग त्यांनी शोधलाच नाही. नोंदींची संख्या कितीही मोठी असली, तरी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडत नाही. दप्तरांत बसून इतिहासाचे पुरावे तपासणाऱ्यालाही हे जपून ठेवावे लागते.

२३.
कमिशनच्या वेळी आणखी एक गोष्ट अज्ञात होती. १९०५ मध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवले की, श्वासाचा वेग प्रामुख्याने ठरतो तो ऑक्सिजनच्या कमतरतेवर नाही, तर साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर. श्वास रोखल्यावर जो जीव कासावीस होतो, ती हाक ऑक्सिजनची नसून बाहेर पडू न शकलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. शरीराची ही धोक्याची घंटा बहुधा वेळेवर वाजते. पण कधी कधी ती वाजतच नाही.

२४.
त्याचा प्रत्यय २०२० मध्ये साऱ्या जगाला आला. कोविडच्या काही रोग्यांच्या रक्तातला ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली गेलेला असे, आणि तरी ते बोलत-चालत असत. धाप म्हणावी तर नाही. सुजलेल्या वायुकोशांतून ऑक्सिजन आत जात नव्हता. कार्बन डायऑक्साइड मात्र पडद्यातून कितीतरी सहज पार होतो, त्यामुळे फुप्फुसाच्या उरलेल्या निरोगी भागातून तो बाहेर पडत राही. घंटा वाजवणारा वायू साचलाच नाही, म्हणून घंटा वाजली नाही. अशा वेळी नुसता श्वास पाहून किंवा नुसती नाडी धरून काही कळत नव्हते.

२५.
त्या वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. गावोगावी पथके दारोदार फिरली आणि घरातल्या माणसांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून गेली. हदगाव तालुकाही त्याच महाराष्ट्रात. त्या इवल्याशा चिमट्यातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात. ऑक्सिजनने भरलेले रक्त आणि रिते रक्त हे प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. धमनीतले रक्त कोणते, हे यंत्र ओळखते ते नाडीच्या ठोक्यावरून. पडद्यावर म्हणून दोन आकडे उमटतात : एक ऑक्सिजनचा, एक नाडीचा.

२६.
स्नो आणि साइम, लंडन आणि हैदराबाद यांचा वाद त्या दोन आकड्यांत येऊन मिटला आहे. श्वासाची खबर नाडीखेरीज लागत नाही आणि श्वासाखेरीज नाडीला अर्थ उरत नाही. तरीही आज कोणत्याही शस्त्रक्रियागृहात भूल दिल्यावर भूलतज्ज्ञ प्रथम रोग्याची श्वासाची वाट मोकळी आहे ना, ते पाहतो. जबडा पुढे उचलतो. नाडी दाखवणारी यंत्रे समोर असताना तो हे करतो. सिद्धान्त अर्धाच खरा ठरला; हाताला लागलेली सवय मात्र पूर्ण योग्य निघाली. पैनगंगेच्या अलीकडच्या मुलखाची राजधानी असलेल्या शहरात, कापडाच्या टोपीत कापसाचा बोळा धरून उभ्या राहिलेल्या माणसांनीही ती सवय जगाला लावली आहे.